गाद्यांच्या टेम्पोतून वसई

मला पाण्याची भीती वाटते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. बादलीतलं पाणी चालतं. शॉवर चालतो, पण डोळ्यांवर आला की नाही चालत. विहिरीत मी आजवर डोकावलेलो नाही, आणि समुद्र दिसला की आधी माझे गुडघे बसतात, मग मी बसतो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, हे कळलं की लोकांचे चेहरे खुलतात. "अरे वा, मग पोहायला मस्त येत असेल!" कप्पाळ. आमचं गाव कातळावर, समुद्रापासून दोन डोंगर आत. फेब्रुवारीत आमच्या विहिरी आटतात. बुडायचं तरी कशात?

आणि अशा माणसाने उभा जन्म समुद्रप्रवासाच्या गोष्टींवर घालवला. मी कॉलेजात शिकवायचो. एकदा भाईंदरला केबिन रोडवरच्या रद्दीवाल्याकडे जुन्या आयरिश गोष्टींचं कव्हर फाटलेलं पुस्तक मिळालं. ग्रीक गोष्टी मला आधीपासून पाठ होत्या. रात्रीचं जेवण बाजूला ठेवून ते पुस्तक वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. युरोपच्या या टोकाला एक लोक, त्या टोकाला दुसरे, आणि दोघेही एकच गोष्ट सांगतायत! शांती नगरच्या आमच्या वन बीएचकेत, कपड्यांच्या कपाटावर, त्या दिवसापासून माझ्या वह्या साठत गेल्या. तीस वर्षांत अकरा झाल्या. बायको त्यांना "तुमच्या बोटी" म्हणते. "तुमच्या बोटींना वाळवी लागलीय," वगैरे.

थोडक्यात सांगतो, कारण लांबण लावली की आमच्याकडे लोक मोबाइल काढतात. ग्रीक गोष्टीत एक राजा लढाई संपवून घरी निघतो आणि त्याला पोचायला दहा वर्षं लागतात. आयरिश गोष्टीत एक तरुण बापाच्या खुनाचा सूड घ्यायला चामड्याच्या होडीतून निघतो. होडीत माणसं किती घ्यायची हे त्याला बजावून सांगितलेलं असतं, पण ऐन वेळी तीन दूधभाऊ पोहत मागे येतात, आम्हालाही घे म्हणतात. घेतो बिचारा. झालं, समुद्र भडकतो आणि बेटामागून बेट हिंडवतो. ग्रीकांकडे एक डोळ्याचा राक्षस बोटीवर डोंगराचा कडा फेकतो, तर आयरिशांकडे एक अवाढव्य लोहार लालभडक लोखंडाचा गोळा फेकतो. दोन्हीकडे बायकांचं एक बेट असतं आणि तिथून पुरुषांचा पाय निघत नाही. आयरिश राणी तर निघालेल्या होडीवर सुताचा गुंडा फेकते, तो झेलणाऱ्याच्या तळहाताला चिकटतो, की ओढली होडी परत. दोन्हीकडे "याला हात लावू नका" म्हटलेल्या गोष्टीला कोणीतरी हात लावतोच आणि मरतो. माणूस सगळीकडे सारखाच गाढव.

फरक शेवटी आहे. ग्रीक राजा घरी पोचतो, तेव्हा बायको त्याला चटकन आत घेत नाही. दोघांनाच माहीत असलेली खूण विचारते आणि मगच मानते. दुसऱ्या एका आयरिश गोष्टीत तशाच बायकांच्या बेटावर वर्षभर राहिलेले खलाशी गावच्या किनाऱ्याला येतात. पण ते वर्ष नसतं, कित्येक पिढ्या उलटलेल्या असतात. एकजण घाईने उडी मारतो आणि जमिनीला पाय लागताक्षणी त्याची राख होते. बाकीचे उतरतच नाहीत. होडीतूनच आपली हकीकत ओरडून सांगतात आणि निघून जातात. ग्रीक माणूस उतरतो, आयरिश माणूस उतरत नाही. या एका वाक्यासाठी मी अकरा वह्या भरल्या. का उतरत नाही, ते मात्र मला नीटसं कळलं नव्हतं. जादू, शाप, असलं काहीतरी लिहून ठेवलं होतं.

आता माझं नशीब बघा. लग्न केलं ते वसईच्या कोळ्याच्या मुलीशी. ती बँकेत होती, मी तिथे डिमांड ड्राफ्ट काढायला जायचो, पुढचं सांगत नाही. तिचं माहेर किल्ल्यापलीकडच्या कोळीवाड्यात. सासरे तांडेल, म्हणजे स्वतःच्या होडीचे कप्तान, आणि त्यांच्या घरात एक रीत. नारळी पौर्णिमेला दर्याला जो नारळ सोडायचा, तो घरच्या होडीत बसून जावयाने सोडायचा. साधी रीत. मोठ्या मेव्हणीच्या नवऱ्याने नाशिकचा असून सोडला. तो नोकरीसाठी दुबईला गेला आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

अठ्ठावीस वर्षं मी टाळलं. पहिल्या वर्षी कान फुटला. मग पेपर तपासणी आली. एकदा तर घरातून निघताना खरोखरच पाय मुरगळला, पण ते कोणालाच खरं वाटलं नाही. एका वर्षी काहीच सुचेना, तेव्हा मी ठोकून दिलं की आमच्या कुळात अधिक महिन्यानंतर सहा महिने पाण्यात जात नाहीत. सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "आंगोळ करता का?"

त्याच दिवशी, नारळीभात खाताना, मी विषय बदलायला म्हणून त्यांना ग्रीक राजाची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली. त्यांनी मध्येच थांबवून वारा कुठचा होता, शीड कसलं होतं, पाणी कुठे भरलं, असं सगळं विचारलं. मी आणखी भात वाढून घेतला. शेवटी बोटं चाटत म्हणाले, "धा वरसं? एवढ्याशा दर्यात? तो वाट चुकला न्हवता, जावय. तो टाळत व्हता. घरला जायला भीत व्हता."

मी हसलो. रात्री झोप आली नाही. तोवर एकाही विद्वानाने मला असं उघडं पाडलं नव्हतं.

या वर्षी मात्र गाडी रुळावरून घसरली. सासरे ऐंशीच्या पुढे गेलेत, गुडघे संपलेत. होडीचं लाकूडही कुजलं होतं आणि ती मोडायचं ठरलं. नारळी पौर्णिमा शनिवारी, सोमवारी माणसं येऊन फळ्या सुट्या करणार. बायको चार दिवस आधीच माहेरी गेली. जाताना दारात चपला घालत म्हणाली, "बाबांनी तुमच्याकडे आयुष्यात एक गोष्ट मागितली. हुंडा नाही, मानपान नाही. एकदा होडीत बसा म्हणाले. हे शेवटचं वर्ष. आता कारण सांगितलंत ना, तर मी परत येणार नाही. आणि ऐका, ट्रेनने यायचं नाही. भाईंदरवरून बोट सुरू झालीय. त्या बोटीने या, म्हणजे मला कळेल की तुम्ही खरंच ठरवलंय."

"अगं पण..."

"त्या बोटीतून गाड्या जातात, उद्या म्हशी जातील! तुम्हाला काय धाड भरलीय?"

ती चेष्टा करत नव्हती. अठ्ठावीस वर्षांत तिचा आवाज मी इतका थंड कधी ऐकला नव्हता. 

शनिवारी सकाळी भाईंदरच्या जेट्टीवर उभा राहिलो. एका हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, दुसऱ्या हातात तिकीट. समोर ती रो-रो बोट, सपाट, एखादं पार्किंग पाण्यात सोडून द्यावं तशी. स्कूटर चढत होत्या, मोटारी चढत होत्या. एक गुजराती कुटुंब पायरीवरच थेपल्याचा डबा उघडून बसलं होतं. मी रॅम्पवर एक पाय ठेवला. खाली फटीतून पाणी दिसलं, आणि मी तिथेच एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिलो. मागून हॉर्न सुरू झाले.

माझ्या मागे गाद्यांचा टेम्पो होता. हौदात दहा-बारा गाद्या रचून दोरीने बांधलेल्या. आमच्याच बाजूच्या नया नगरचा तो टेम्पोवाला वसईत कुठल्याशा फर्निचरच्या दुकानात माल पोचवायला चालला होता. त्याने खिडकीतून डोकं काढलं. "अंकल, तबीयत ठीक नहीं क्या?"

"पानी से डर लगता है," मी म्हणालो. परक्या माणसाला आणि परक्या भाषेत हे किती सहज सांगता येतं!

"तो अंदर बैठो ना. अंदर कहाँ पानी है?"

बसलो. पण केबिनच्या काचेतूनही पाणी दिसायचं ते दिसलंच. मी म्हटलं, मागे बसू का? तो उतरला, त्याने दोरी सैल केली आणि मला दोन गाद्यांच्या मध्ये सारलं. तीस वर्षं समुद्रप्रवासांवर काम केलेल्या माणसाने आपला पहिला समुद्रप्रवास असा केला. आडवा, डोळे घट्ट मिटून, नारळ छातीशी धरून, नव्या फोमच्या वासात. खिशात फोन वाजत होता. पण फोन बघायचा तर डोळे उघडायला हवेत, आणि ते शक्य नव्हतं.

बोट हलत होती, थांबली. टेम्पो सुरू झाला आणि चालतच राहिला. मी म्हटलं, जेट्टीच असेल मोठी. बऱ्याच वेळाने दोरी सुटली. "अंकल, वसई कब का आ गया! मैं तो भूल ही गया आप पीछे हो." समोर फर्निचरचं दुकान, दोन हमाल मला बघून मागे सरकलेले. फोनवर बायकोचे सात मिस्ड कॉल.

रिक्षा करून कोळीवाड्यात पोचलो, तेव्हा बायको दारातच उभी होती. ती जेट्टीवर घ्यायला आली होती. बोटीतून उतरलेला प्रत्येक माणूस तिने पाहिला. स्कूटरवाले पाहिले, थेपलेवाले पाहिले, मी नव्हतो.

"हायवेने आलात," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"अगं बोटीनेच आलो! गाद्यांमध्ये होतो!"

"गाद्यांमध्ये."

"टेम्पोतल्या. हे बघ तिकीट." तिकीट काढलं. घामाने त्याचा लगदा झाला होता.

"लगदा कशाचाही असतो," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खोटं तरी नीट बोलायचं. एवढी वर्षं बोलताय, अजून येत नाही."

मला इतका राग आला! आयुष्यात एकदा खरं वागावं आणि तेच कोणाला पटू नये? मी ओरडणार होतो, तेवढ्यात आतून सासऱ्यांची हाक आली. खुर्चीत बसले होते, नवा कडक पांढरा शर्ट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"भांडू नका. हितं या, जावय. बोटीनं आलात ना? मंग सांगा, भाईंदरातनं निंघाल्यावर रेल्वेचा पूल कुठच्या हाताला राहिला?"

 मेव्हणे, सासऱ्यांचे पुतणे, बायको, सगळे माझ्याकडे बघत. माझ्या वहीतल्या ग्रीक राजाला बायकोने विचारलेली खूणच होती ही. फक्त राजाला उत्तर येत होतं.

"बाबा, मला माहीत नाही," मी म्हणालो. "माझे डोळे मिटलेले होते. पूर्ण वेळ. पूल होता का, तेही मी पाहिलं नाही."

सासरे हसायला लागले. आयरिश गोष्टीत एक हसण्याचं बेट आहे, त्यावर उतरलेल्या माणसाचं हसणं थांबतच नाही. तसं ते घर झालं. पुतण्यांनी भिंती धरल्या. "पोरी, हा बोटीनंच आला," सासरे डोळे पुसत म्हणाले. "हायवेनं आलेल्यानं येताना पूल पाठ करून आणला असता." बायको हसली नाही, पण तिने माझ्या हातातला लगदा घेतला, उलगडायचा प्रयत्न केला आणि पर्समध्ये ठेवला.

भर दुपारी, पूर्ण भरतीला, होडी निघाली. सासऱ्यांना दोन पुतण्यांनी उचलून आत बसवलं. सुकाणूवर हात गेला आणि त्या माणसाची पाठ सरळ झाली. आवाजसुद्धा बदलला. मी मध्यभागी फळीला चिकटून. बायकोने मागून माझी कॉलर धरली होती, ही तिने आयुष्यात माझ्यासाठी केलेली सगळ्यात प्रेमाची गोष्ट. डोळे मिटायचे नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. खोल पाण्यात इंजिन बंद केलं. "सोडा नारळ, जावय," सासरे म्हणाले.

मी उभा राहिलो. आणि मग माझ्या हातांनी जे केलं, ते मी केलं असं मी आजही मानत नाही. कातळावरचा माणूस मी. आमच्याकडे नवी स्कूटर आली की नारळ फोडतात, मिक्सर आला की फोडतात, मुलगा एसएससीला बसला की फोडतात. नारळ हातात, सगळे गप्प, समोर देव. माझा हात वर गेला आणि मी तो नारळ होडीच्या काठावर दाणकन आपटला.

फुटला की! एकाच घावात. अर्धं भकल समुद्रात, अर्धं माझ्या हातात, आणि सगळं पाणी सासऱ्यांच्या तोंडावर नि नव्या शर्टावर. दर्याला नारळ अख्खा सोडतात, हे तिथल्या तान्ह्या पोराला ठाऊक. 

"अहो!" एवढंच बायको म्हणाली.

सासऱ्यांनी तोंडावरचं पाणी जिभेने चाटून पाहिलं. "आमच्या सात पिढ्यांत दर्याला फोडलेला नारळ कुनी दिला न्हाय," ते म्हणाले. मग शर्ट झटकत, "जाऊ दे. तो बी म्हातारा झालाय. अख्खा चावला नसता." उरलेलं भकल त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि खिशातल्या चाकूने खोबरं काढून सगळ्यांना वाटलं.

परतलो. किनारा लागताच पहिली उडी माझी. वाळूवर गुडघे टेकून बसलो, मला काही लाज वाटली नाही. बाकीचे उतरले. पुतणे सासऱ्यांना उचलायला पुढे झाले, तर ते म्हणाले, "तुमी चला. मी बसतो."

पहिल्यांदा सगळ्यांना गंमत वाटली, पुतण्यांनी होडी जरा आत नेऊन खुंटाला बांधली. अर्धा तास झाला, ते उतरेनात. जेवण वाढल्याचा निरोप आला, चहाचा निरोप आला. बायको कमरेवर हात ठेवून पाण्यात उभी. "बाबा, उतरा ना हो. आता काय होडीत राहायचंय?"

"हितं मी तांडेल हाय, पोरी," ते म्हणाले. "खाली पाय ठेवला का मंग नुसता म्हातारा."

बायको रडायला लागली. लपवून नाही, मोठ्याने. सोमवारी ती होडी फळ्या होणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सकाळपासून कोणी उच्चारलं नव्हतं. मी वाळूवर बसून ऐकत होतो. अकरा वह्या, आणि त्यांत मी 'जादू' लिहून ठेवलं होतं! मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

मी उठलो. पँट वर न करता पाण्यात शिरलो. गुडघ्याच्या वर पाणी आलं, तरी चालत राहिलो. होडीच्या काठाला धरून कसाबसा आत पडलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.

"तू कशाला आलास?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'तू' म्हणाले.

"असाच."

 मग त्यांनी विचारलं, "त्या तुझ्या गोष्टीतली मान्सं. उतरली न्हाय ती. त्यांचं मंग काय झालं?" कधीतरी ती गोष्टही मी त्यांना सांगितली होती. त्यांनी ती लक्षात ठेवली होती.

"कोणालाच माहीत नाही, बाबा. गोष्ट तिथेच संपते."

"म्हंजे अजून फिरत असतील."

"असतील."

त्यांना ते पटलेलं दिसलं. पौर्णिमेची ओहोटी, पाणी भराभर मागे जात होतं. आम्ही बघत बसलो. आधी खुंट उघडे पडले, मग जुनं जाळं, मग चिखलातले खेकडे. होडी एकदा करकरली, थोडी कलली आणि चिखलावर बसली. चहूकडे नजर जाईल तिथे चिखल.

"बघितलंस?" सासरे म्हणाले. "मी न्हाय दर्या सोडला. तोच गेला." आणि त्यांनी माझा खांदा धरला.

मी आधी खाली उतरलो. मग त्यांनी पाय खाली सोडला. माझी नजर त्या पायावरच होती, खोटं कशाला सांगू. राख झाली नाही. पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला आणि सगळा भार माझ्या खांद्यावर आला.  पुतणे पुढे धावले, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं. बायको आमच्या दोघांच्या चपला हातात घेऊन बाजूने चालायला लागली.

दहा पावलं गेलो असू. ते थांबले, माझ्या कानाशी आले आणि मुलीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "सावकाश चल. मला भुईचं भ्या वाटतं."

"डोळे मिटा, बाबा," मी म्हणालो. "मी धरलंय."

त्यांनी खरंच मिटले.